पिकअपला मोठी चाकं: माप घेण्यापासून शेवटचा नट आवळेपर्यंत

त्र्यंबक, घोटी, इगतपुरीकडचे पावसात वाहून जाणारे कच्चे रस्ते, निफाडची चिकट काळी माती आणि नाशिक शहरातले खड्डे, या तिन्ही ठिकाणी मोठ्या टायरचा खरा उपयोग होतो. गाडीचं पोट थोडं वर जातं आणि टायरची भिंत उंच झाली की खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोचत नाही. पण चाक मोठं झालं की ब्रेक, गिअर, स्टेअरिंग, बेअरिंग आणि स्पीडोमीटर या सगळ्यांना ते जाणवतं. किती जाणवणार याचा हिशेब आधी कागदावर करता येतो, आणि दुकानात पैसे मोजण्याआधी तो केलाच पाहिजे.

खालची उदाहरणं टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या गाड्यांची आहेत. दोन्हींना पुढे कॉइल स्प्रिंग आणि वर-खाली आर्म, मागे पाटे, सहा स्टडचं (नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांचं) चाक. पद्धत दोन्हींना एकच लागू होते. माल वाहणाऱ्या बोलेरो पिकअप-कॅम्परचा मुद्दा वेगळा आहे, तो भाराच्या भागात येईल.

रिम मोठी की टायर मोठा?

या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. सोळाची रिम काढून अठराची घातली आणि बाहेरचा व्यास तेवढाच ठेवला, तर गाडी एक मिलिमीटरही वर जात नाही. टायरची भिंत मात्र पातळ होते. हायलक्सचे २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ हे दोन्ही साइज पाहा: व्यास अनुक्रमे ७७६ आणि ७७५ मिमी, म्हणजे जवळजवळ सारखाच. सतराच्या रिमवर रबराची भिंत १७२ मिमी आहे, अठराच्या रिमवर १५९. खड्डा झेलायला हे १३ मिमी कामाचे असतात. नाशिकच्या वापराला आमची शिफारस ठाम आहे: रिम वाढवू नका, जमल्यास एका इंचाने कमी करा आणि टायरची भिंत वाढवा. वीस इंची रिमवर पातळ टायर चढवलेली पिकअप दिसते छान, पण कसाऱ्याकडे जाताना एका खड्ड्यात रिमची कड वाकते आणि टायरच्या भिंतीला फुगा येतो. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

व्यास काढायचं सूत्र सोपं आहे. टायरची रुंदी गुणिले भिंतीचा टक्का, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. व्ही-क्रॉसच्या २५५/६० आर १८ साठी: २५५ × ०.६० = १५३, दुप्पट ३०६, त्यात ४५७.२ मिळवले की ७६३ मिमी. आता २६५/७० आर १७ काढा: १८५.५ ची दुप्पट ३७१, अधिक ४३१.८, म्हणजे ८०३ मिमी. फरक ४० मिमी, टक्क्यात ५.२. गाडी मात्र ४० मिमी वर जात नाही, २० मिमीच जाते, कारण जमिनीपासून धुरीपर्यंतचं अंतर व्यासाच्या निम्मं असतं. "दोन इंच मोठा टायर, दोन इंच उंच गाडी" असं कुणी सांगितलं तर तो व्यास आणि उंची एकच समजतोय.

हायलक्सच्या ७७५ मिमीच्या तुलनेत तोच २६५/७० आर १७ फक्त ३.६ टक्क्यांनी मोठा आहे. म्हणजे एकच टायर एका गाडीला सहज बसतो आणि दुसरीला काठावर. सोळाच्या रिमवर २४५/७० आर १६ असलेल्या गाडीचा मूळ व्यास ७४९ मिमी. तिला २६५/७० आर १६ घातला तर ७७७ मिमी, वाढ ३.७ टक्के. २८५/७० आर १७ हा फोटोंमध्ये सगळ्यांना आवडणारा साइज आहे, पण तो ८३१ मिमीचा. हायलक्सवर ७ टक्के, व्ही-क्रॉसवर जवळजवळ ९ टक्के. तिथे लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर), कधी बॉडीची शिवण कापावी लागते आणि गिअरचं गणितही बिघडतं. रोजच्या गाडीला चार ते पाच टक्के ही मर्यादा पाळा.

रुंदीच्या मोहातही पडू नका. काळ्या मातीत पावसाळ्यात वरचा थर लोण्यासारखा होतो आणि खाली जमीन घट्ट असते. तिथे रुंद टायर वरच्या थरावर घसरतो, तुलनेनं अरुंद आणि उंच टायर तो थर कापून खाली पकड घेतो. २५५ चा २६५ पुरेसा आहे. ३०५ घालून द्राक्षबागेच्या बांधावर गाडी आडवी होण्यात अर्थ नाही.

ऑफसेट समजून घ्या

हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी रिमची पाठ आणि रिमची मधली रेषा यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ईटी या अक्षरांपुढे मिमीमध्ये कोरलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक आत, जितका लहान तितकं बाहेर.

समजा जुनी रिम साडेसात इंच रुंद आणि ईटी ३० आहे. रुंदीचा निम्मा भाग ९५ मिमी. बाहेरची कड हबच्या पाठीपासून ९५ वजा ३०, म्हणजे ६५ मिमी पुढे. आतली कड ९५ अधिक ३०, म्हणजे १२५ मिमी आत. नवी रिम साडेआठ इंच, ईटी २० घेतली तर निम्मी रुंदी १०८. बाहेर ८८, आत १२८. चाक बाहेरच्या बाजूला २३ मिमी सरकलं, आत ३ मिमी. हे दोन आकडे काढल्याशिवाय रिमचा ऑर्डर देऊ नका. बाहेर गेलेलं चाक स्टेअरिंग वळवताना मोठ्या वर्तुळात फिरतं आणि बंपरच्या कोपऱ्याला, मागच्या लायनरला आधी तेच घासतं. शिवाय मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल आणि खडी थेट दारांवर आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यावर उडवतो. आठ इंच, ईटी २५ हा मधला मार्ग बहुतेक वेळा पुरतो: बाहेर ११ मिमी, आत जेमतेम १.

पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचा व्यास, या दोन्ही गाड्यांचा १३९.७ मिमी आहे. म्हणून दुकानदार "दोन्हीला चालते" म्हणतो. अर्धंच खरं आहे. मधल्या भोकाचं माप वेगळं असतं: हायलक्सचं १०६.१ मिमी, इसुझूचं त्याहून लहान. इसुझूची रिम हायलक्सच्या हबवर चढणारच नाही. उलट केलं तर चढेल, पण हब आणि रिममध्ये फट राहील. चाक मग फक्त नटांच्या जोरावर मध्यभागी बसतं आणि ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. अशा वेळी बरोबर मापाची हब रिंग घ्या. व्हर्निअरने हब आणि भोक दोन्ही मोजा, अंदाजावर सोडू नका.

चाक बाहेर काढायला स्पेसर लावू नका. विशेषतः स्टडवर नुसती सरकवायची पातळ चकती अजिबात नको, तिच्यामुळे नटाला आटे कमी मिळतात. चाक बाहेर हवं असेल तर योग्य ऑफसेटची रिम घ्या.

जागा: उभ्या गाडीत मोजलेली जागा खोटी असते

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गाडी सपाट फरशीवर उभी, चाकं सरळ, टायरच्या वर हात जातोय, म्हणून "बसतंय" असं ठरतं. मग पहिल्याच गतिरोधकावर वळताना कर्रर्र आवाज येतो. जागा मोजायची ती चाक पूर्ण वर दबलेलं असताना आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवलेलं असताना.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. "दोन इंचाची लिफ्ट किट घाला, मग काहीही बसेल." लिफ्टमुळे, म्हणजे सस्पेन्शन उंच करणाऱ्या किटमुळे, गाडी उभी असताना चाक आणि मडगार्डमधलं अंतर वाढतं, हे खरं. पण सस्पेन्शन पूर्ण दबतं तेव्हा चाक कुठे थांबायचं ते चेसिसवरचा रबरी बंप स्टॉप ठरवतो, आणि लिफ्ट किटने तो बदलत नाही. म्हणजे खड्ड्यात आदळल्यावर टायर लिफ्टच्या आधी जिथे पोचत होता तिथेच पोचणार. फक्त तिथे पोचण्याची वेळ कमी वेळा येईल. लिफ्टची बाजू एवढीच.

पुढचं चाक घासायच्या जागा ठरलेल्या आहेत. बंपरच्या खालच्या कोपऱ्यामागचं लायनर. दाराच्या पुढची, म्हणजे चाकाच्या मागची बाजू: इथे लायनरच्या मागे बॉडीच्या पत्र्याची शिवण असते. मडफ्लॅपची आतली कड. आतल्या बाजूला अप्पर आर्म आणि पूर्ण वळणावर स्टॅबिलायझर बार. मागच्या चाकाला सहसा अडचण येत नाही, पण रिम फार आत गेली तर पाट्यांना घासू शकते, आणि भरलेल्या गाडीत वरच्या कमानीशी जागा तपासावी लागते.

मोजायची पद्धत अशी. पाचही टायर एकदम चढवू देऊ नका. एकाच रिमवर एकच टायर चढवून घ्या आणि तो पुढच्या डाव्या बाजूला बसवा. टायर रिमवर चढला की दुकानदार परत घेत नाही, म्हणून चूक झालीच तर एका टायरवर निभावते. मग लायनरवर, शिवणीजवळ आणि आर्मच्या पुढे घट्ट मळलेल्या कणकेचे किंवा शाडूच्या मातीचे पाच-सहा सेंटीमीटरचे गोळे चिकटवा. टायरच्या खांद्यावर खडू फासा. पुढचं तेच चाक साधारण २५ सेंटीमीटर उंचीच्या भक्कम लाकडी ठोकळ्यांवर चढवा, म्हणजे ते वर दबेल. आता आत बसलेल्याने स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, बाहेरच्याने चाकापासून दूर उभं राहून पाहायचं. गाडी खाली उतरवा आणि गोळे चाकूने आडवे कापून सगळ्यात पातळ जागेची जाडी मोजा. हीच खरी मोकळी जागा.

अप्पर आर्मशी किमान १० मिमी आणि लायनरशी किमान १५ मिमी हवी. लायनरला खडूचा हलका पट्टा दिसला तर हीट गनने प्लॅस्टिक मऊ करून मागे दाबता येतं. थेट ज्योत लावू नका, मागे वायरिंग असतं. मडफ्लॅप थोडा मागे सरकवून नवं भोक पाडणं हेही बिनधोक काम आहे. पण खडू आर्मला लागला, किंवा शिवणीचा पत्रा ठोकल्याशिवाय चालणार नसेल, तर तो टायर या गाडीचा नाही. एक साइज खाली या. ठोकळ्यावरही बंप स्टॉप पूर्ण दबत नाही, म्हणून फार काठावरचं माप आलं तर पुढचं कॉइल काढून जॅकने आर्म थेट बंप स्टॉपपर्यंत उचलून पाहायचं. हे काम सस्पेन्शन जाणणाऱ्या गॅरेजमध्येच करा. दबलेलं कॉइल सुटलं तर जीव जातो.

स्टेपनीची जागाही आताच पाहा. ती मागे हौद्याखाली साखळीला टांगलेली असते. मोठा टायर तिथे वर पूर्ण न बसता तिरका लटकतो किंवा सायलेन्सरच्या पाइपजवळ येतो.

भार आधी, दिसणं नंतर

टायरच्या भिंतीवर साइजनंतर येणारा आकडा, उदाहरणार्थ ११२, हा भाराचा निर्देशांक. १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५० किलो. पुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे ताशी १८० किमी, टी १९०, एच २१०. नव्या टायरचा भार निर्देशांक जुन्यापेक्षा कमी असता कामा नये. हा नियम मोडू नका. कांद्याची पोती भरून पिंपळगावच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत मागच्या दोन टायरवर किती ओझं येतं, ते वजनकाट्यावर एकदा मागचा भाग चढवून पाहिलं की कळतं.

आकाराआधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले टायर जाड भिंतीचे असतात, दगडाने सहसा फाटत नाहीत. पण त्यांची भारक्षमता जास्त हवेवर मोजलेली असते. साध्या टायरला ३५ पीएसआयवर जो भार झेपतो, तोच भार एलटीला उचलायला जास्त हवा लागते. दाराच्या खांबावरचा स्टिकर मूळ टायरसाठी आहे. एलटी घेतलात तर उत्पादकाचा भार-हवा तक्ता मागून घ्या. कमी हवेत भरलेली गाडी उन्हाळ्यात महामार्गावर पळवली की भिंत सतत दुमडून तापते आणि टायर फुटतो.

बोलेरो पिकअप, कॅम्पर किंवा तशा मालवाहू गाडीला आमचा सल्ला एकच: कंपनीने दिलेला साइज आणि भार निर्देशांक ठेवा. तिथे मोठ्या चाकाने मिळण्यासारखं काही नाही. घाटात गिअर जड होईल, भरलेला ब्रेक कमी पडेल आणि पासिंगला अडेल.

वजनही लक्षात घ्या. जाड एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर आणि रुंद रिम मिळून एका चाकामागे पाच ते आठ किलो सहज वाढतात. जुनं आणि नवं चाक वजनकाट्यावर ठेवून पाहा. कांद्याच्या चाळीवर काटा असतोच.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी देते तो साइज घेतला तर वादाला जागा कमी राहते. त्याच्या पुढे जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून त्याची नोंद पॉलिसीत करून घ्या. अपघातानंतर सर्व्हेअरला न कळवलेली चाकं दिसली की दावा अडतो. टायरवर आयएसआय खूण आहे का तेही पाहा.

टायर रिमवर चढवताना

खरेदीच्या वेळी भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा. २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. पाचही टायर एकाच सुमाराचे घ्या. रुंदी रिमला जुळली पाहिजे: २६५/७० आर १७ साठी सात ते नऊ इंचाची रिम चालते, आठची उत्तम. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायरही साधारण ५ मिमी फुगतो, जागेच्या हिशेबात हे धरा.

टायरच्या भिंतीवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्व्हसमोर आणून चढवला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. बीडला, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या तारेच्या कडेला, टायरचा साबण लावा, ग्रीस किंवा जुनं ऑइल नको: रबर खराब होतं आणि ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो. बीड बसवताना ४० पीएसआयच्या पुढे हवा मारू देऊ नका. नाही बसला तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा. जास्त दाबावर बीडची तार तुटली तर टायर बॉम्बसारखा उडतो. व्हॉल्व्ह नवे घाला. हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर त्यांची रबरी सीलही नवी.

बॅलन्सिंगला एका बाजूला १०० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर वजनं चिकटवत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. अलॉयला वजनं आतल्या बाजूने चिकटवतात. ती जागा आधी पुसून कोरडी करायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात वजनं गळतात.

चाक गाडीवर बसवताना

सपाट, घट्ट जागा. हँडब्रेक, पहिला गिअर, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे. नट चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. जॅक चेसिसच्या ठरलेल्या जागी लावा आणि गाडी उचलली की स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीच्या मडगार्डखाली डोकं घालू नका.

चाक काढल्यावर हबची पाठ तारेच्या ब्रशने घासा. गंज किंवा वाळलेल्या मातीचा एक पापुद्राही राहिला तर चाक तिरकं बसतं, आणि तो पुढे चुरून पडला की आवळलेले नट सैल होतात. हबच्या मधल्या उंचवट्यावर अँटीसीजचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे चाक चिकटणार नाही. स्टडच्या आट्यांना मात्र ऑइल, ग्रीस काहीही नको: आटे ओशट झाले की तोच टॉर्क (आवळण्याचा पीळ) स्टडला कितीतरी जास्त ताणतो. सतराची रिम घेतली असेल तर ती ब्रेक कॅलिपरला कुठे टेकत नाही ना, हे हाताने फिरवून पाहा.

नट ही पुढची जागा जिथे घाई नडते. कंपनीच्या काही अलॉयचे नट सपाट बुडाचे, वायसर असलेले असतात. बाजारातल्या अलॉयला बहुतेक ६० अंशांच्या शंकूचे नट लागतात. जुनेच नट नव्या रिमला लावले तर टेकणारा भाग नीट बसत नाही, नट आवळल्यासारखा वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. रिमच्या भोकात बोट घालून कड शंकूची आहे की सपाट ते पाहा. आटे किती बसतात तेही मोजा: १२ मिमी स्टड, १.५ पिच असेल तर हाताने किमान आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत.

सगळे नट आधी हाताने लावा. मग समोरासमोरचे, एकाआड एक, तीन टप्प्यांत आवळा: पहिला फेरा ४० न्यूटन-मीटर, दुसरा ८०, शेवटचा गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा. अशा गाड्यांना तो साधारण १०५ ते १३० च्या दरम्यान असतो. शेवटचा फेरा टॉर्क पान्ह्यानेच मारा आणि चाक जमिनीवर टेकवून मारा. हवेच्या गनने आवळलेल्या नटाचा टॉर्क कुणालाच सांगता येत नाही: कधी स्टड ताणला जातो, कधी ब्रेक डिस्क वाकून पेडल थरथरतं, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्ह्याने नट हलत नाही. ५० ते १०० किमी धावल्यावर गाडी थंड असताना पुन्हा टॉर्क तपासा. नवी अलॉय पहिल्या दिवसांत जागा धरते, त्यामुळे नट थोडे सैल होतातच.

अलाइनमेंट, हवा आणि काटा

चाकं बदलली की अलाइनमेंट करा. लिफ्ट घातली असेल तर ती करण्याआधी गाडी महामार्गावर काढू नका. लिफ्टने कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, मग गाडी सरळ रेषेत धरत नाही आणि स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नाही. ज्या गाडीत लोअर आर्मला कॅम बोल्ट आहेत तिथे चाक किंचित पुढे घेऊन कॅस्टर वाढवायला सांगा. मागच्या लायनरशी काही मिलिमीटर जागाही त्यातून मिळते. ५० मिमीच्या वर लिफ्ट असेल तर मूळ अप्पर आर्मवर कॅस्टर सहसा भरून येत नाही आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे बूट तिरके होऊन लवकर फाटतात. हेडलाइटचा झोतही खाली घ्या.

हवेसाठी सुरुवात स्टिकरच्या आकड्यापासून करा आणि खडूने तपासा. टायरच्या नक्षीवर आडवा जाड पट्टा ओढा, कोरड्या डांबरावर सरळ शंभर मीटर चालवा. फक्त मधला खडू गेला तर हवा जास्त, फक्त कडांचा गेला तर कमी. दोन पीएसआयने बदलून पुन्हा पाहा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे मागचे आकडे वेगवेगळे येतील, ते दाराच्या आत लिहून ठेवा.

स्पीडोमीटरचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो. ५.२ टक्के मोठ्या चाकावर तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ च्या आसपास असते. कंपनी काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवते, ती सवलत इथे संपते. स्पीड कॅमेऱ्याला तुमच्या टायरचा साइज माहीत नसतो. ओडोमीटरही कमी मोजतो: ५०० किमी दिसले तेव्हा गाडी ५२६ धावलेली असते. डिझेलचा हिशेब करताना आधी किलोमीटर १.०५ ने गुणा, नाहीतर मायलेज उगाच पडलेलं वाटेल. थोडं खरंच पडतं, कारण चाक जड आहे आणि नक्षी खोल आहे.

गिअर तेवढ्याच टक्क्याने लांब होतो. मोकळ्या रस्त्यावर इंजिनचे फेरे कमी होतात, बरं वाटतं. भरलेल्या गाडीने कसारा घाट चढताना मात्र जिथे तिसऱ्यावर निघत होती तिथे दुसरा टाकावा लागतो. उतारावरही तेच: ब्रेक डिस्क तीच, चाकाची त्रिज्या जास्त, म्हणून तेवढ्याच दाबाला पकड कमी. घाट उतरताना एक गिअर खालचा ठेवा.

नंतर काय बिघडतं

८० ते १०० च्या दरम्यानच थरथर येत असेल तर बॅलन्सिंग किंवा हब रिंग. सगळ्या वेगांना येत असेल तर चाक तिरकं बसलंय किंवा रिम वाकलीय. फक्त ब्रेक लावताना आली तर नट असमान आवळून डिस्क वाकली. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहा: ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, नाही गेली तर अलाइनमेंटचा. काही महिन्यांनी खड्ड्यात खडखडाट सुरू झाला तर बॉल जॉइंट आणि बुश तपासा, जास्त वजन आणि बाहेर गेलेलं चाक आधी त्यांनाच खातं. टायर दर ८,००० ते १०,००० किमीला पुढचे मागे फिरवा. पुढच्या एटी टायरची कड करवतीसारखी झिजायला लागली की गुरगुर ऐकू येते आणि लोक ती बेअरिंगची समजतात.

शेवटी स्टेपनी. या गाड्यांना पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहे: फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. एक चाक ४० मिमी लहान असेल तर दोन्ही शाफ्टमध्ये पीळ साठतो, ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शिअल त्यात भरडले जातात. म्हणून बजेट पाच टायरचं धरा. पाचवा टायर परवडत नसेल आणि जुनी स्टेपनीच राहिली, तर ती फक्त टू व्हीलमध्ये, ५०-६० च्या वेगाने, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत वापरा. पंक्चर मागचं असेल आणि डिफरेन्शिअलला लॉक किंवा एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारी यंत्रणा) असेल, तर आधी पुढचं चांगलं चाक मागे आणा आणि लहान स्टेपनी पुढे लावा. जुन्या स्टेपनीच्या रिमला जुनेच नट लागतात. ते सहाही नट कापडी पिशवीत घालून जॅकच्या जागी ठेवून द्या.